मुक्ताबाईचा प्रश्न आणि आमची मंडळी

पाळकाचं काम सुटलं की लोक धरून चालतात, आता हा माणूस बायबल वाचत निवांत बसेल. बायबल मी वाचतो, रोज पहाटे उठून वाचतो, पण निवांतपणा काही येत नाही, आणि त्याला कारण एका शाळकरी मुलीने लिहिलेला निबंध आहे. मुक्ताबाई तिचं नाव. मांग समाजातली, पुण्यात जोतिराव-सावित्रीबाईंच्या शाळेत शिकलेली. 1855 साली तिचा निबंध ज्ञानोदयमध्ये छापून आला, दोन अंकांत मिळून. ज्ञानोदय म्हणजे आमचं, मराठी ख्रिस्ती माणसांचं नियतकालिक, अमेरिकन मराठी मिशनने 1842 साली नगरला सुरू केलेलं. (नगरचं आता अहिल्यानगर झालंय, पण माझ्या तोंडात नगरच बसलंय, तेव्हा इथे तसंच लिहितो.)

त्या निबंधात काय नाही? मांग-महारांना त्यांच्या जमिनींवरून हाकलून वर मोठमोठ्या इमारती बांधल्या, तेल-शेंदूर पाजून आमची माणसं त्या इमारतींच्या पायात पुरली, हे ती लिहिते. आमच्या बायका बाळंत होतात तेव्हा त्यांच्या डोक्यावर छप्परसुद्धा नसतं, पावसात थंडीत त्यांचे काय हाल होत असतील, हे लिहिते. आणि मग ती थेट देवाकडे वळते. वेद आमचे नाहीत, ते वाचायचा अधिकार आम्हाला नाही, तर मग देवा, आमचा धर्म कोणता ते तरी सांग. ज्या धर्मात एकानेच सगळं भोगायचं आणि बाकीच्यांनी नुसतं बघत राहायचं, तो धर्म नष्ट होवो, असंही ती लिहिते. 1855 साली. एक मांगाची पोर.

प्रश्न तिने देवाला विचारला होता, पण छापला तो आमच्या पेपरात. म्हणजे उत्तर द्यायची जबाबदारी आमच्यावर येते, असं मी मानतो. ती पुढे ख्रिस्ती झाली की नाही याच्याशी मला देणंघेणं नाही. तिच्या प्रश्नाला मंडळीने, म्हणजे आमच्या चर्चच्या समाजाने, काय उत्तर दिलं, आजवर काय दिलं आणि आता काय देतेय, एवढंच डोक्यात घोळत असतं.

आम्हाला लहानपणापासून जो इतिहास शिकवला तो साहेबांचा होता. 1813 साली गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट मुंबईला उतरले, कंपनी सरकारला ते नको होते, तरी चिवटपणे राहिले. 1831 ला नगरला ठाणं पडलं. मग शाळा, छापखाना, बायबलचं भाषांतर, दुष्काळात खडी फोडायची कामं, दवाखाने. भिंतीवर ओळीने फोटो, सगळे दाढीवाले, सगळे गंभीर. त्या लोकांनी केलं ते खूपच केलं, त्याबद्दल माझ्या मनात कृतज्ञता आहे आणि ती मरेपर्यंत राहील. सिंथिया फॅरार ही बाई बघा, लग्न न केलेली, 1827 ला एकटी अमेरिकेहून निघून मुंबईला आली, पुढे नगरला मुलींच्या शाळा चालवल्या आणि 1862 साली नगरलाच वारली. तिची शाळा बघून जोतिराव फुले पुण्याला परतले आणि 1848 साली त्यांनी मुलींची शाळा काढली, हे खुद्द फुल्यांनी सांगून ठेवलंय. म्हणजे मुक्ताबाईच्या हातात पाटी आली त्याची एक वाट नगरवरून गेलेली आहे. मला हे फार मोलाचं वाटतं. पण फॅरारबाईंचं नाव आमच्या किती पोरांना माहीत आहे विचारून बघा, आणि मुक्ताबाईचं तर विचारूच नका.

पण त्याच इतिहासाची दुसरी बाजू कुणी व्यासपीठावरून सांगत नाही, म्हणून मी सांगतो. ज्या अमेरिकन बोर्डाने हे मिशनरी पाठवले त्याच बोर्डाचे लोक तिकडे स्वतःच्या देशात गुलामगिरीबद्दल ठाम बोलायला तयार नव्हते. गुलाम बाळगणाऱ्यांकडून देणग्या घ्यायच्या का, यावरून इतके वाद झाले की 1846 साली काही मंडळी बाहेर पडली आणि त्यांनी वेगळं मिशन काढलं. म्हणजे इकडे नगरला जातीविरुद्ध लेख छापले जात होते आणि तिकडे हेडऑफिसात काळ्या माणसाच्या साखळदंडाबद्दल जपून बोलायचं चाललं होतं. आणि फुले बघा, 1873 साली त्यांनी आपला ग्रंथ अर्पण केला तो अमेरिकेतल्या त्या लोकांना, ज्यांनी गुलामांच्या सुटकेसाठी झीज सोसली. कुठल्या अमेरिकेला नमस्कार करायचा हे त्या माळ्याच्या पोराला बरोब्बर कळलं होतं. धर्म आणि धर्माची संस्था यांच्यात अंतर असतं, आणि ते अंतर मोजायचं कसं हे मी फुल्यांकडून शिकलो, ते ख्रिस्ती नव्हते तरी.

माझे पणजोबा नेवासे तालुक्यातले. मोठ्या दुष्काळानंतर, 1876 ते 78 चा तो, त्यांनी बाप्तिस्मा घेतला. जातीने महार. गावाने तेव्हाही म्हटलं आणि अजूनही कुणी ना कुणी म्हणतं की हे पोटासाठी ख्रिस्ती झाले, मिलो ज्वारीसाठी झाले, दूधपावडरसाठी झाले, ज्या पिढीत जे धान्य आलं त्याचं नाव आम्हाला चिकटवलं. मी तरुण असताना या टोमण्याने चवताळायचो. आता मला त्यात लाजण्यासारखं काही दिसत नाही. भुकेल्या माणसाने भाकर देणाऱ्याकडे जायचं नाही तर कुणाकडे जायचं? आणि पोटासाठी गेलेला माणूस दुष्काळ सरल्यावर परत फिरला असता ना. पणजोबा फिरले नाहीत. का फिरले नाहीत ते माझी आजी सांगायची. मिशनच्या आवारात विहीर होती आणि त्या विहिरीवर त्यांना स्वतःच्या हाताने पोहरा सोडता आला. बास, एवढंच. दुसऱ्याने वरून ओतायचं आणि आपण खाली ओंजळ धरायची, हे तिथे नव्हतं. आजी हे सांगताना हात असा पुढे करून दोर धरल्यासारखी मूठ आवळायची, आणि तिने ते स्वतः पाहिलेलं नव्हतं, तिच्या सासऱ्यांनी तिला तसं करून दाखवलं होतं. आमच्या घरात विश्वास आला तो असा, मुठीतून आला. पवित्र त्रैक्याचं शिक्षण नंतर झालं.

म्हणून मला कुणी म्हणालं की पाळकसाहेब, तुम्ही चर्चमध्ये सामाजिक विषय कशाला आणता, आत्म्याचं तारण बघा, तर मला खरंच समजत नाही की हे दोन वेगळे कसे करायचे. आमच्यात ते कधी वेगळे नव्हतेच.

आता एक कडू गोष्ट. विहीर एक झाली, वाटी एक झाली, पण सोयरीक एक झाली नाही. आमच्या भागात महारांतून आलेले ख्रिस्ती आणि मांगांतून आलेले ख्रिस्ती एकाच बाकावर बसतील, एकाच प्याल्यातून प्रभुभोजनाचा द्राक्षरस घेतील, पण पोरीचं लग्न ठरवताना हळूच विचारतील, मूळचे कुठले हो? कुणाकडचे? माझ्यासमोर किती लग्नं या 'मूळच्या' वर मोडली. एका घरात तर पोरगी नर्स, पोरगा शिक्षक, दोघं संडे स्कूलपासून एकमेकांना ओळखणारी, दोन्हीकडची माणसं दर रविवारी उपासनेला येणारी, आणि मुलाच्या मामाने बैठकीत सांगितलं की प्रभूत आपण सगळे भाऊ आहोत, पण सोयरे कसे होणार. मी तिथेच उठलो आणि म्हणालो की मग पुढच्या रविवारी प्रभुभोजनाला येऊ नका, कारण जे मेजावर चालतं ते मांडवात चालत नसेल तर मेजावरचं नाटक आहे. मोठा गोंधळ झाला. लग्न मात्र झालं, चर्चमध्येच झालं, मीच लावलं, मामा आले आणि जेवूनही गेले.

लक्ष्मीबाई टिळकांचं उदाहरण मी नेहमी द्यायचो. नारायण वामन टिळकांनी 1895 साली बाप्तिस्मा घेतला, बाई काही वर्षांनी नवऱ्याबरोबर राहायला आल्या तरी सोवळं-ओवळं त्यांनी सोडलं नव्हतं, पाणी वेगळं, स्वैपाक वेगळा. ते सुटलं ते कुणाच्या प्रवचनाने सुटलं नाही. त्यांनी स्वतः बसून विचार केला की देवाने माणूस केला, जाती कुणी केल्या, आणि उठून सगळ्यांच्या हातचं खायला लागल्या. बाप्तिस्मा त्यांनी 1900 साली घेतला, जात आधी टाकली. क्रम लक्षात घ्या. आमच्याकडे बहुतेकांचा क्रम उलटा आहे, बाप्तिस्मा होऊन चार पिढ्या झाल्या आणि जात अजून ट्रंकेत घडी घालून ठेवलीय.

टिळकांविषयी बोलायला लागलो तर थांबवत नाही. तुकारामाच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो असं म्हणणारा माणूस, अभंग लिहिले, टाळ-मृदंगावर कीर्तनं केली, आणि शेवटी 1917 साली मिशनची नोकरी सोडून साताऱ्याला देवाचा दरबार काढला, ज्यात बाप्तिस्मा झालेले आणि न झालेले दोघांनाही जागा होती. दोन वर्षांत ते गेले आणि दरबार काही फार वाढला नाही. पण त्या दरबाराचा विचार माझ्या मनातून कधी गेला नाही, पुढे ऊसतोडीच्या फडावर तो मला फार उपयोगी पडला, ते सांगतोच.

त्याआधी सोलापूर. येवल्याला 13 ऑक्टोबर 1935 ला बाबासाहेबांनी जाहीर केलं की मी हिंदू म्हणून जन्मलो तरी हिंदू म्हणून मरणार नाही. येवला आमच्या कोपरगावच्या अगदी शेजारी. त्यानंतर सगळ्या धर्मांचे पुढारी त्यांच्या दारात, त्यात आमचेही. आणि मग 1 जानेवारी 1938 ला सोलापुरात ख्रिस्ती लोकांच्या सभेत ते बोलले. त्या सभेचा वृत्तांत ज्ञानोदयमध्येच आला. ते काय म्हणाले? की धर्मांतरासाठी जगात माझ्यासमोर दोनच व्यक्ती आहेत, बुद्ध आणि ख्रिस्त. हे वाक्य आमचे लोक अभिमानाने सांगतात. पुढचं सांगत नाहीत. पुढे ते म्हणाले की दक्षिणेत तुमच्या चर्चमध्ये जात पाळतात, आणि राजकारणात तुम्ही मागे आहात, आणि सामाजिक अन्याय दूर व्हावा म्हणून एक समाज म्हणून तुम्ही कधीच लढला नाहीत.

कधीच लढला नाहीत. इतक्या साध्या शब्दात कुणी आमचा हिशेब मांडला नव्हता. आणि 14 ऑक्टोबर 1956 ला नागपूरला त्यांनी बुद्धाचा मार्ग घेतला तेव्हा आमच्या काही वडीलधाऱ्यांना वाईट वाटलं, की संधी हुकली. मला वाटतं दुःख करायचं तर त्या 1938 च्या वाक्याचं करावं. त्या वाक्याला आम्ही सोलापुरात, नगरमध्ये, मुंबईत काही उत्तर दिलं असतं, रस्त्यावर उतरून दिलं असतं, तर गोष्ट वेगळी. महाडच्या तळ्यावर 1927 साली माणसं पाण्यासाठी गेली तेव्हा आमच्याकडे विहिरी होत्या, आणि ज्याच्याकडे विहीर आहे त्याने तळ्यावर आधी जायला हवं होतं, निदान माझ्या पणजोबांच्या मुठीची तरी लाज राखायला.

मग 1950 चा राष्ट्रपतींचा आदेश आला. अनुसूचित जातीच्या सवलती फक्त हिंदूंना. 1956 साली शिखांना त्यात घेतलं, 1990 साली बौद्धांना घेतलं, आणि दलित ख्रिस्ती व दलित मुस्लिम बाहेर. त्यामागचा युक्तिवाद असा की तुमच्या धर्मात जात नाही. आता हे ऐकायला किती छान वाटतं, पण गावात कुणी सरपंचाने, कुणी पाटलाने आमच्या माणसाला त्याचा बाप्तिस्म्याचा दाखला बघून वेगळं वागवलंय का? म्हारवाड्यात राहणारा येशूदास म्हारवाड्यातच राहतो. न्यायमूर्ती रंगनाथ मिश्रा आयोगाने 2007 साली शिफारस केली की धर्माची ही अट काढा. त्याआधी 2004 मध्ये सुप्रीम कोर्टात याचिका गेलेली. 2022 मध्ये बालकृष्णन आयोग नेमला गेला. आणि या सगळ्या वर्षांत आमच्या घराघरात काय झालं ते बाहेरच्यांना कळणार नाही. एकाच घरात थोरला भाऊ कागदावर हिंदू महार, धाकटा कागदावर ख्रिस्ती. पोराचं नाव शाळेत एक, चर्चच्या रजिस्टरला दुसरं. एका बाईने मला विचारलं होतं की पाळकसाहेब, पोराचं नाव बाप्तिस्मा रजिस्टरात नाही लिहिलं तर देव त्याला ओळखणार नाही का हो? मी म्हणालो, ओळखतो, आई, नीट ओळखतो. पण माणसाला आपला देव लपवायला लावणारा कायदा न्यायाचा नाही, हे मी तेव्हाही म्हणत होतो आणि आताही म्हणतो. आणि इथे आमच्यातल्या काहींशी माझं पटत नाही. त्यांना वाटतं की जात मान्य करून सवलत मागणं म्हणजे ख्रिस्ती साक्ष कमी करणं. अहो, जखम आहे असं सांगितल्याने डॉक्टरचा अपमान होतो का?

आता फडाची गोष्ट.

पाथर्डी, शेवगाव, पलीकडे बीड जिल्हा, इकडची माणसं दसरा झाला की कोयता घेऊन निघतात. कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी, हिशेब असाच धरतात, एकटा असेल तर अर्धा कोयता. मजूर नेणारा मुकादम आधी उचल, म्हणजे आगाऊ पैसे, देतो, त्या पैशात पोरीचं लग्न, दवाखाना, मागची देणी, आणि मग पाच-सहा महिने ती उचल अंगावर फेडायची. आजारी पडलं, बाळंतपण आलं, की खाडा. खाडा म्हणजे दंड. बाईमाणूस पहाटे तीनला उठते, कोपीत, म्हणजे फडावरच्या झोपडीत, चूल पेटवते, उजाडायच्या आत फडात, पुरुष तोडतो आणि ती मोळ्या बांधते, डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकमध्ये चढवते. पाळी आली तरी, पोटुशी असली तरी. 2019 साली बीड जिल्ह्यातल्या बायकांच्या गर्भाशयाच्या शस्त्रक्रियांची बातमी फुटली आणि सरकारने नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. 82 हजारांहून जास्त ऊसतोड बायकांची पाहणी झाली आणि त्यातल्या 13 हजारांहून जास्त बायकांची पिशवी काढलेली निघाली. पिशवीच नको म्हणजे खाडा नको. साखर खाताना हे मला आठवतं आणि आठवावंच.

आमच्या मंडळीतली बरीच घरं अशी जायची. नाताळात चर्च अर्धं रिकामं, घरी म्हातारी आणि लेकरं. एका वर्षी मी ठरवलं की माणसं नाताळाला चर्चमध्ये येऊ शकत नाहीत तर नाताळ तिकडे नेऊ. राहुरीच्या पुढे प्रवरेकडच्या एका फडावर आमच्या गावची माणसं होती. दिवसा जाऊन उपयोग नाही, म्हणून रात्री गेलो. कोप्यांच्या मधे मोकळी जागा होती तिथे उसाच्या वाढ्यांचा ढीग, बैलांचा घमघमाट, थंडी मरणाची. उजेडासाठी एका पोराने ट्रॅक्टरचा दिवा आमच्याकडे फिरवला आणि मधूनमधून बॅटरी उतरेल म्हणून बंद करायचा. टिळकांचं एक गीत म्हटलं. खंजिरी होती, बाकी काही नाही. द्राक्षरस मी नेला होता, भाकर फडावरचीच घेतली, बाजरीची, दुपारची उरलेली. वचन वाचलं ते याकोबाच्या पत्रातलं, पाचवा अध्याय. ज्यांनी तुमच्या शेतात कापणी केली त्यांची अडकवून ठेवलेली मजुरी ओरडतेय आणि कापणी करणाऱ्यांचा आक्रोश सेनाधीश परमेश्वराच्या कानी गेला आहे, असा त्याचा अर्थ. मी वाचलं आणि थांबलो, समजावून सांगायचं काही उरलंच नव्हतं. समोर हाताला कोयत्याचे घट्टे पडलेली माणसं बसलेली. आणि कडेला, जरा अंधारात, मुकादमही होता, तोही आमच्याच मंडळीतला, बाप्तिस्मा झालेला, दृढीकरण झालेला, म्हणजे मंडळीचा पक्का सभासद.

प्रभुभोजन द्यायला लागलो तेव्हा शेजारच्या कोपीतली एक बाई पुढे आली. वंजारी समाजातली, आमच्यातली नव्हे. मघापासून लेकरू मांडीवर घेऊन ऐकत होती. म्हणाली, "आमाला बी देता का, बाबा? आमी बी तोडतोच की." नियम मला पाठ होता. बाप्तिस्मा, दृढीकरण, मग मेज. मी तिला भाकरीचा तुकडा दिला आणि प्याला तिच्यापुढे धरला. तिने पदर डोक्यावर घेतला, दोन्ही हातांनी घेतलं, आणि लेकराच्या ओठाला बोट लावलं. मागून अजून दोघीतिघी आल्या, त्यांनाही दिलं. हे गावात कळलं, मग कमिटीत विषय निघाला, मला लेखी खुलासा मागितला. मी लिहून दिलं की ख्रिस्ताने पाच हजारांना भाकरी वाढल्या तेव्हा कुणाचा दाखला बघितल्याची नोंद शास्त्रात नाही. त्यावर मी आजही ठाम आहे. टिळकांचा दरबार मला त्या रात्री फडावर दिसला.

मुकादमाचं काय झालं असं लोक विचारतात. तो दुसऱ्या दिवशी माझ्याकडे आला आणि भांडला. म्हणाला, मला बघूनच वाचलं तुम्ही ते. मी म्हटलं, होय, तुला बघूनच वाचलं. मग नहेम्याचा पाचवा अध्याय काढून त्याला दिला, त्यात लोक रडतात की धान्यासाठी आम्ही शेतं गहाण टाकली, पोरंबाळं गहाण टाकली, आणि नहेम्या सावकारी करणाऱ्या आपल्याच माणसांना सगळ्यांसमोर उभं करून गहाण परत करायला लावतो. तो बराच वेळ वाचत बसला. कारखाना मला देतो तसं मी यांना देतो, असं म्हणाला, आणि त्यातही खोटं काही नव्हतं. अन्यायाची उतरंड असते, मुकादम काही सगळ्यात वरचं मडकं नाही. पण त्या वर्षी बाळंतपणाचा खाडा त्याने कुणाला लावला नाही, हे बायकांनीच मला सांगितलं.

सोनई आमच्या नेवासे तालुक्यातली. 2013 च्या जानेवारीत तिथे मेहतर समाजातली तीन पोरं मारून टाकली, एका मुलीवरच्या प्रेमावरून, त्यातल्या एकाला शौचालयाच्या टाकीत घातलं. पुढच्याच वर्षी, 2014 ला, जामखेड तालुक्यात खर्ड्याला शाळेतल्या एका दलित पोराला मारून झाडाला लटकवलं, कारण काय तर वरच्या जातीच्या पोरीशी बोलला. सोनईत शिक्षा झाल्या. खर्ड्यात 2017 साली आरोपी सुटले, साक्षीदार एकामागून एक फिरले. सोनईपासून वडाळ्याचं जुनं मिशन ठाणं किती लांब आहे? शेजारी आहे. दीडशे वर्षांच्या घंटा तिथे वाजल्यात. त्या महिन्यांत रविवारी मध्यस्थीच्या प्रार्थनेत आपण सगळ्यांसाठी प्रार्थना केली, राज्यकर्त्यांसाठी, आजाऱ्यांसाठी, परीक्षेला बसणाऱ्या मुलांसाठी, पण त्या पोरांची नावं घेऊन प्रार्थना झालेली मी फार थोड्या ठिकाणी ऐकली. आमोस संदेष्टा काय वेगळं सांगत होता? तुमच्या सणांचा मला वीट आलाय, तुमची गाणी बंद करा, न्याय पाण्यासारखा वाहू द्या. न्याय नसेल तर देवाला गाणंही नको आहे, इतकं स्पष्ट.

आणि बोलणारे आपल्यात झाले नाहीत असंही नाही. वसईला फादर फ्रान्सिस दिब्रिटो हिरव्या वसईसाठी माणसं घेऊन रस्त्यावर उतरले, बिल्डर आणि गुंड यांच्याविरुद्ध. झारखंडात आदिवासींच्या जमिनीबद्दल आणि तुरुंगात सडणाऱ्या पोरांबद्दल बोलणारे फादर स्टॅन स्वामी, त्यांना 2020 च्या ऑक्टोबरमध्ये भीमा कोरेगावच्या केसमध्ये पकडलं, पार्किन्सनने हात थरथरायचे म्हणून पाणी प्यायला स्ट्रॉ असलेला प्याला मागत होते, 5 जुलै 2021 ला मुंबईत कोठडीतच गेले, वय 84. कॅथलिक-प्रोटेस्टंट हा फरक मला त्या दिवशी जाणवला नाही. आमच्या छोट्या घरात मी आणि बायको दोघांनी मिळून स्तोत्र वाचलं.

आमच्याकडे आज चर्चच्या नावावर कोर्टात केसेस आहेत त्या बहुतेक जागेच्या. मिशन कंपाउंड कुणाचं, ट्रस्टी कोण, कुणी विकलं, कुणी करार केला. चांगली शिकलेली माणसं त्यात वीस-वीस वर्षं घालवतात. तीच फी, तेच वकील, तीच तारखेला जायची चिकाटी एखाद्या फिरलेल्या साक्षीदाराच्या मागे उभी केली असती तर? हे मी बैठकांतूनही बोललोय, इथे परत बोलतो.

जे मला तरुण पाळकांना सांगायचंय ते दोनच गोष्टी. एक, वर्षातून एका रविवारी मुक्ताबाईचा निबंध उपासनेत वाचा, एखाद्या मुलीकडून वाचून घ्या, नववी-दहावीच्या, आणि त्यावर उपदेश करू नका, तो ऐकू द्या. दुसरी गोष्ट सध्याच्या कामाची. ऊसतोड कामगारांसाठी राज्य सरकारचं महामंडळ झालंय, गोपीनाथ मुंडेंच्या नावाचं, नोंदणी व्हायला हवी, ग्रामसेवकाकडून ओळखपत्र मिळायला हवं. ओळखपत्र हातात असेल तर सरकारदरबारी माणूस निदान दिसायला लागतो. पण आधार एका नावाने, रेशनकार्ड दुसऱ्या नावाने, बायकोचं माहेरचं नाव तिसरंच, यात माणसं अडकतात आणि फॉर्म तसेच पडून राहतात. मी दर आठवड्याला दोन-तीन वाड्यांवर जातो, चष्मा लावून फॉर्म भरतो, झेरॉक्स काढून आणतो, पण माझ्याने ऑनलाइनचं होत नाही. मोबाईलवर चटचट अर्ज भरणारी पोरं हवी आहेत. संडे स्कूलमधली असतील तर चांगलंच, बौद्ध असतील, वंजारी असतील, कुठलीही असतील तरी चालतील. फक्त दसऱ्याच्या आधी कळवा, दसरा झाला की गावात कुणी सापडत नाही.